सायकलीला दावं

रात्री पावणेतीनच्या सुमाराला पडवीत सायकल पडली. जुलैचा पहिला आठवडा, बाहेर नुसता धो धो, पण त्या पावसातसुद्धा तो आवाज वेगळा कळला. आधी घंटीचा अर्धाच टण्, मग हँडल लादीवर आपटल्याचा, आणि मग बराच वेळ मागचं चाक एकटंच फिरत राहिल्याची टिकटिकटिक. मी जागी झाले होते, उठायला हवं होतं. पण पांघरुणाची ऊब, कौलांवरचा पाऊस, सकाळी बघू म्हटलं आणि डोळा लागला. सकाळी पडवीत आले तर सायकल उभी. नुसती उभी नाही, खांबाला सुंभाच्या दाव्याने बांधलेली. सीटच्या खालून एक वेढा, खांबाला दोन, आणि वर ती गाठ. ती गाठ मी ओळखते. गाय व्याली की आई वासराला तशीच बांधायची, वासराने कितीही ओढ घेतली तरी गळ्याला आवळत नाही आणि आपण एक टोक खेचलं की सुटते. आमचा गोठा रिकामा होऊन १२ वर्षं झाली, ते दावं एवढ्या अंधारात तिने कुठून शोधून काढलं कोण जाणे.

आई चहा गाळत होती, काही बोलली नाही. तिच्या उजव्या मनगटाला आयोडेक्सचा वास येत होता.

७४ वर्षांची बाई मध्यरात्री उठते, लाईट गेलेली, लादी ओली, आणि १४ किलोची सायकल उचलून खांबाशी बांधते, आणि मी आत झोपलेली. हे काही दिवसभर डोक्यातून जाईना. ऑफिसात, दापोलीला, समोर फाईल उघडी नि मी मोबाईलवर सायकलचे स्टँड बघत बसले होते. संध्याकाळी घरी येऊन म्हटलं, "आई, हाक का नाही मारलीस?" तर म्हणते, "अगो, घंटी वाजली म्हणून उठले. तुला कशाला उठवायचं, सकाळी ऑफिस असतं तुझं." संपला विषय.

आमचं मुरुड म्हणजे दापोली तालुक्यातलं, महर्षी कर्व्यांचं, जंजिऱ्याचं नव्हे. अरुंद रस्ता, दोन्ही बाजूंना माडापोफळीची आगरं, आणि आगरांच्या मागे लगेच समुद्र. रात्री पाऊस थांबला की लाटांचा आवाज येतो आणि पाऊस असला की दोन्हीत फरक करता येत नाही. घर जुनं, चिऱ्याचं, पुढे लांब पडवी. बाहेरच्यांना वाटतं एवढी ऐसपैस पडवी, माझ्या नि लेकीच्या दोन सायकलींना जागेची काय अडचण. पण पडवी कधीच रिकामी नसते हो. एप्रिल-मे मध्ये आंब्याच्या पेट्या नि पेंढा, त्याच्या शेजारी कोकमाची सालं वाळत घातलेली, पाऊस जवळ आला की लाकडं आणि नारळाची सोडणं आत येतात, मग चार महिने कपड्यांच्या दोऱ्या आडव्या-उभ्या, थंडीत सुपारी सोलायला बायका बसतात. आणि भाद्रपदात गणपती. गणपतीत मुंबई-पुण्याची मिळून १७-१८ माणसं असतात घरात, रात्री भजन पडवीत, भजन झालं की तिथेच अंथरुणं. शिमग्याला पालखी यायची म्हणून पुन्हा सगळं झाडून मोकळं. पडवी कुणा एकाची नसते, जो येईल त्याला ती तेवढ्यापुरती मिळते. त्यामुळे सायकलींना जागा द्यायची म्हणजे अशी द्यायची की वेळ आली की ती परत घेता आली पाहिजे. म्हणून फोल्डिंगचा स्टँड. भिंतीला कायमचं काही नको, जमिनीत काही गाडायचं नको, घडी करून दाराआड ठेवता आला पाहिजे.

भिंतीचा प्रयोग तसा आधी झाला होता. पुण्याचा मामेभाऊ दोन वर्षांपूर्वी हौसेने मोठे हुक घेऊन आला, त्याच्या फ्लॅटमध्ये त्याने सायकल भिंतीला उभी टांगली आहे नि ती खरंच छान दिसते. इथे ड्रिल लावलं तर भिंतीतून लाल भुगा भसाभसा यायला लागला. जांभा खाणीतून काढतात तेव्हा मऊ असतो, तासून त्याचे चिरे पाडतात, मग वाऱ्या-उन्हात तो कडक होत जातो, पण त्याच्या पोटात जी भोकं असतात ती भोकंच. फास्टनर पिळावा तर आतल्या आत गोल फिरतो, धरायला त्याला काही मिळतच नाही. आई बाजूला उभी राहून बघत होती, तिने पडलेला भुगा हातात घेतला आणि एवढंच म्हणाली, "आजोबांनी घातलेली भिंत आहे रे." भावाने मुकाट्याने ड्रिल आवरलं. ते भोक अजून आहे, त्यावर कॅलेंडर लावलंय.

बरं, सायकलचा स्वतःचा साईड स्टँड आहेच की, मग ती पडते कशाला, हा प्रश्न मलाही पडला होता. त्या रात्रीनंतर मी लादीवर वाकून नीट बघितलं. पडवीच्या जमिनीला बाहेरच्या बाजूला ढाळ दिलेला असतो, वावझडीने आत आलेलं पाणी परत अंगणात जावं म्हणून. साईड स्टँडवर सायकल डावीकडे कलती असते. ढाळ उजवीकडे आला की ती कलायची थांबते, जवळजवळ ताठ उभी राहते, आणि मग वाऱ्याचा एक झोत पुरतो. उलट तोंड करून लावली तर इतकी कलते की हँडल रस्त्यात येतं. घर बांधणाऱ्याने पाण्याचा विचार केला होता, सायकलचा नाही, आणि तेव्हाच्या सायकलींना त्याची गरजही नव्हती कारण त्यांना घोडी होती, मागचं चाक उचलून धरणारा दोन पायांचा स्टँड.

घोडी आठवली आणि सगळंच आठवलं.

आई सायकल शिकली ती लग्नानंतर, मी दोन वर्षांची असताना. तिची प्राथमिक शाळेत नेमणूक झाली होती, शाळा कर्द्याच्या पुढे, वेळेवर एसटी नाही. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, त्या वर्षीच्या सुपारीच्या पैशातून ॲटलसची लेडीज सायकल घेतली, हिरवी, मागच्या चाकाला साडी अडकू नये म्हणून जाळी असलेली. गावातल्या रस्त्यावर शिकायची तिला लाज वाटायची म्हणून पहाटे ओहोटी बघून दोघं समुद्रावर जायची. ओहोटीची ओली पुळण कोब्यासारखी घट्ट असते, चाक रुतत नाही, आणि पडलं तरी लागत नाही. अण्णा कॅरिअर धरून मागून पळायचे. त्यांनी हात सोडल्याचं तिला कळलं तेव्हा ती कर्द्याच्या बाजूला कितीतरी लांब गेली होती आणि थांबायचं कसं हे शिकायचं राहिलं होतं, मग सरळ पाण्यात घातलीन् सायकल. हे ती अजूनही तशीच सांगते, पदर खोचल्याची खूण करून.

समुद्रावरून आलं की मात्र सायकल तशी आत घ्यायची नाही. आधी विहिरीच्या पाण्याने धुवायची, चाकाच्या तारा एकेक करून, मग फडक्याने पुसायची, मग रॉकेलचा बोळा चेनवरून फिरवायचा, आणि शेवटी पाय देऊन कॅरिअर मागे ओढायचं की खट्टकन ती घोडीवर चढायची. मला वाटायचं हे आईचं सोवळं. आता कळतं की त्यात किती तथ्य होतं. मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं, दमटपणा ७५ टक्क्यांच्या वर गेला की कोरडं मीठसुद्धा आपोआप पाझरायला लागतं, पावसाळ्यात मिठाच्या बरणीत पाणी सुटतं ते त्यामुळेच. आमच्याकडे पावसाळाभर हवा त्याच्या वरच असते. म्हणजे सायकलवर खारं वारं बसलं असेल तर ती नुसती पुसून कोरडी होतच नाही, मीठ परत परत तिला ओली करतं. गोड्या पाण्याने मीठ आधी काढूनच टाकायला लागतं. आईला यातलं रसायनशास्त्र कुणी सांगितलं नव्हतं, बरणी मात्र रोज दिसत होती.

आणि घोडीवर चढलेल्या सायकलचं मागचं चाक अधांतरी असतं. आम्हा भावंडांचा तो खेळ. हाताने पेडल गरगरा फिरवायचं, चाक भिंगायला लागलं की डायनॅमो टायरला टेकवायचा, आणि पुढचा दिवा आधी लाल, मग पिवळा, मग पांढरा होत जायचा. लाईट तर सारखीच जायची. मग अण्णा म्हणायचे, चला, वीज तयार करा, आणि आम्ही आळीपाळीने पेडल मारायचो, पडवीच्या कुडावर तो गोल उजेड थरथरत पडायचा आणि आई त्या उजेडात शाळेच्या वह्या तपासायची. एखाद्या वहीपुरताच व्हायचा तो उजेड, हात दुखून यायचे. पण ती टिकटिक, रबराचा घर्रर्र आवाज, आणि गरम झालेल्या डायनॅमोचा तो वास, तो मला अजून कुठेही ओळखता येईल.

ती सायकल गेली ३ जून २०२० ला. निसर्ग वादळ. मांगरात ठेवली होती ती, सुरक्षित म्हणून, आणि दुपारी मांगरावरच माड पडला. दुसऱ्या दिवशी कौलं-वासे बाजूला केल्यावर सापडली तेव्हा फ्रेम मधोमध दुमडलेली, जणू कुणी घडी घालून ठेवलीय. आगरातली अर्ध्याहून जास्त झाडं आडवी होती, घरावर छप्पर धड नव्हतं, त्यात एका सायकलीचं दुःख कोण करणार. आईनेही नाही केलं. पुढे कितीतरी आठवडे गावात वीज नव्हती, संध्याकाळी मेणबत्तीच्या उजेडात बसलो की मला तो डायनॅमोचा दिवा आठवायचा आणि मी बोलायचे नाही कारण आईलाही तोच आठवत असणार. बऱ्याच महिन्यांनी, नेट सुरळीत झाल्यावर, वाचनात आलं की सोनीपतला १९५१ साली सुरू झालेल्या त्या ॲटलस कंपनीने आपला साहिबाबादचा कारखाना बंद केला तो दिवसही ३ जून २०२०, आणि ३ जून हा जागतिक सायकल दिन. मी दोनदा तारीख तपासली. आईला वाचून दाखवलं तर ती जरा वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, "तिथे कामाला असतील त्यांचं काय झालं असेल गो." भंगारवाला आला तेव्हा तिने सगळी सायकल दिली, घंटी तेवढी काढून घेतली. तीच घंटी आता माझ्या सायकलला आहे. वाटीएवढी, जाड, वाजली की आगराच्या टोकापर्यंत ऐकू जाणारी.

तर स्टँड. मोबाईलवर जे फोटो दिसतात त्यात सगळीकडे पांढरी गुळगुळीत फरशी आणि मागे पांढरी भिंत, त्यावरून आपल्या पडवीत काय होईल याचा अंदाज येत नाही. मी पहिला मागवला तो चाक खाचेत घालायचा, दोन बाजूंना पाईपची दोन कडी, मध्ये चाक, पुस्तकासारखी घडी होणारा. दिसायला फार सुंदर, वजनाला हलका. पण त्याची खाच रुंद टायरच्या हिशेबाने केलेली. लेकीच्या २४ इंची सायकलचं जाड टायर त्यात बरं बसलं. माझं टायर ३८ मिलिमीटरचं, ते आत लडबडायचं, आणि चाक लडबडलं की सगळी सायकल डोलते. त्यात माझ्या सायकलला डिस्क ब्रेक. ती चकती जेमतेम २ मिलिमीटर जाडीची, सायकल कलली की स्टँडचं कडं नेमकं तिला जाऊन टेकायचं. चारच दिवसांत चालवताना खिस खिस आवाज यायला लागला, दर फेऱ्याला एकदा. चकती किंचित वाकली होती, दापोलीच्या मेकॅनिकने पान्याने हळूहळू सरळ करून दिली. ज्याच्या सायकलला साधे ब्रेक आहेत, टायर जाड आहे आणि घरातली जमीन सपाट आहे त्याने हा प्रकार खुशाल घ्यावा. मी परत पाठवला.

दुसरा मागच्या चाकाच्या आसाशी धरणारा. खाली पसरट पाय, त्यातून वर उभा दांडा, त्याला रबर लावलेले दोन आकडे. एक आकडा आसाच्या पुढे फ्रेमच्या आडव्या नळीखाली जातो, दुसरा वरच्या तिरक्या नळीला अडकतो, आणि दांड्याची उंची कमीजास्त होते म्हणून २४ पासून २९ इंचापर्यंत चालतो. फ्रेमलाच धरतो, त्यामुळे टायर कितीचंही असो आणि चकतीलाही धक्का नाही. उंची थोडी वाढवली की मागचं चाक जमिनीवरून बोटभर उचललं जातं. पण यालाही अटी आहेतच. सायकलचा स्वतःचा साईड स्टँड नेमका त्याच जागेवर बोल्टने लावलेला असेल तर आकड्याला जागा उरत नाही, लेकीच्या सायकलचा तो काढायला लागला आणि दोन दिवस रुसवा झाला. मडगार्डच्या तारा, कॅरिअरचे पाय, हे सगळं त्याच टीचभर जागेत एकत्र येतं. माझ्या कॅरिअरचा पाय जरा वाकवून घ्यायला लागला. घ्यायच्या आधी आपल्या सायकलच्या त्या कोपऱ्याचा फोटो काढून शांतपणे बघावा, ते मी पहिल्या वेळेला केलं असतं तर एक फेरा वाचला असता.

पंधरा दिवसांत बिजागरीचा बोल्ट तांबूस दिसायला लागला. वरची पावडर कोटिंग चांगली होती, पण घडी घालताना जिथे लोखंडावर लोखंड घासतं तिथे रंग टिकतच नाही आणि गंज नेमका तिथून शिरतो. फोल्डिंगच्या वस्तूचं मरण तिच्या सांध्यात असतं, आपल्याकडे तर फारच लवकर. मी तो दापोलीच्या वेल्डरकडे नेला. माणूस अबोल, बोटींची कामं करणारा. त्याने घडी उघडली, मिटली, पुन्हा उघडली, कानाजवळ नेऊन आवाज ऐकला. मग सगळे नटबोल्ट काढून स्टेनलेसचे घातले, मध्ये नायलॉनचे वॉशर, भरपूर ग्रीस, आणि मी ढाळाचं सांगितल्यावर बाहेरच्या पायाखाली एक आडवी पट्टी वेल्ड करून दिली, जोड घासून, रेडऑक्साईड मारून. "हर्णैच्या रस्त्याने सायकल नेता काय?" त्याने विचारलं. नेते, रविवारी मासळीच्या लिलावाला जातो आम्ही मायलेकी, आई खात नाही पण आम्ही खातो. "मग घरी गेल्यावर धुवा. मासळीच्या गाड्यांचं पाणी असतं रस्त्यावर, समुद्रापेक्षा वाईट." हे ऐकून आईला फार बरं वाटलं.

एक टिकला म्हणून दुसरा घेतला, त्यालाही तोच बोल्ट, तीच पट्टी. पाऊसभर दोन्ही सायकली पडवीच्या कोपऱ्यात ताठ उभ्या होत्या आणि एकदाही पडल्या नाहीत. तरी दावं खांबालाच होतं. सीटखालून सैलसर वेढा, तीच गाठ. मी सकाळी सोडायचे, रात्री ते पुन्हा असायचं. लेकीने एकदा विचारलं, "आजी, स्टँड आहे ना आता?" तर म्हणाली, "असू दे. स्टँड लोखंडाचं आहे."

हरतालिकेच्या दिवशी मी दोन्ही स्टँड मिटले आणि माजघराच्या दाराआड उभे केले. ज्याच्यासाठी एवढी यातायात केली ते काम मिनिटभरात झालं, आणि मिटलेले ते दोन दांडे दाराआड बघून मला बरंही वाटलं आणि कसंसंही झालं, जागा दिली नि काढूनही घेतली असं. सायकली पाच दिवस कुठे उभ्या राहिल्याच नाहीत म्हणा, मुंबईहून आलेली पोरं सकाळी नेत ती रात्री आरतीला आणत, येताना अंगभर वाळू. आई आरती झाल्यावर बादली घेऊन विहिरीवर बसायची, पोरांना एकेक तार धुवायला लावायची, आणि मग ताडपत्रीखाली अंगणात दोघींना एका दाव्याने एकत्र बांधायची.

गौरी-गणपती गेले, माणसं गेली, अंथरुणं वर गेली. रिकामी पडवी त्या रात्री फार मोठी वाटते, उदबत्तीचा नि दूर्वांचा वास तेवढा मागे राहतो. मी स्टँड पुन्हा काढले, उघडले, सायकली लावल्या आणि झोपले. मध्यरात्री जाग आली. पाऊस नव्हता, समुद्र ऐकू येत होता, आणि त्यात ती टिकटिकटिक. पडलं-बिडलं काही नव्हतं. पडवीच्या दारात आले तर आई बाकड्यावर बसलेली, एका हाताने माझ्या सायकलचं पेडल हळूहळू फिरवत होती, बोटभर उचललेलं मागचं चाक अंधारात फिरत होतं. मी आलेली तिला कळलं असावं, वळून न बघता म्हणाली, "याला डायनॅमो बसतो काय गो?"

दापोलीच्या सायकलवाल्याकडे माळ्यावरच्या जुन्या मालात एक निघाला, ६ व्होल्टचा, खोक्यासकट. माझ्या फ्रेमला तो लावायची पट्टी मिळत नाहीये, वेल्डरला सांगितलंय, बोटीचं काम संपलं की करतो म्हणालाय.